काठी वर उचलायची सवय

प्रिय बाबा,

मिशिगनमध्ये माझं बरं चाललंय, काळजी नको. पण इथल्या तळ्यातल्या बास माशांनी वैताग आणलाय. आज एका धटिंगणाने माझ्या गळाला लावलेली पिसांची खोटी माशी गिळली. तुम्ही मोंटानाच्या नदीत ट्राउट माशांसाठी शिकवलं होतं, तशी मी झटकन काठी वर उचलली आणि गळ सुटून आला. पुन्हा तेच.

शेजारच्या होडीतला म्हातारा लायल रोज ऐकवतो, "पोरी, मोंटाना विसर. काठी खालीच ठेव, डाव्या हाताने दोरी ओढ." कळतं हो, पण हात ऐकेल तर ना.

आई फोनवर विषय बदलते, म्हणून तुम्हालाच विचारते. लकव्यानंतर उजव्या हाताने कॉफीचा कप उचलता येतो का? काय बापलेक आहोत. तुमचा हात वर जात नाही आणि माझा खाली राहत नाही.

तुमची हट्टी,
मारेन