बुटकं झालेलं झाड

३ एप्रिल

चि. घाईस,
अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, तुझ्या सहा जणांच्या वृक्षसेनेने गेल्या रविवारी आमच्याकडे येऊन न्हाणीघरातला मग पळवला. बादली नेली असती तर दानधर्म समजून गप्प बसलो असतो; पण बादली ठेवून मग नेणे ही निव्वळ क्रूरता आहे. तीन दिवस मी चहाच्या पातेल्याने आंघोळ करतो आहे. संस्कृतच्या शिक्षकाने पातेल्याने आंघोळ करावी की नाही, याबाबत शास्त्रे मौन पाळतात. तुझी मामी पाळत नाही.

सातव्याच महिन्यात जन्माला आलीस म्हणून तुझे नाव घाई पडले. तीच घाई आज पंपघरामागच्या उजाड पट्ट्यात एकशे चाळीस रोपे लावून बसली आहे. ज्यांना कशाचीच घाई नसते, अशांशी तुझी सोयरीक जमली याचे मला फार हसू येते. एकेक रोप एकेका शाळकरी मुलाच्या नावाचे, ही कल्पना मात्र झकास. मामीने जुन्या चादरी फाडून त्या नावांच्या पट्ट्या केल्या. तिची बोटे अजून शाईने निळी आहेत. पट्ट्या टिकल्या का, असे ती विचारते. फोनवर तू हो-नाही एवढेच बोलतेस, म्हणून हा कागद.

उत्तर पाठव. मगासकट पाठवलेस तर लोभ वाढेल.
तुझा मामा

९ एप्रिल

ती. मामा,
सा. न. वि. वि.

मग सुखरूप आहे. मामीच्या पट्ट्याही टिकल्या. झाडं नाही टिकली. हे फोनवर सांगता आलं नाही.

मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा होत्या, म्हणून पाणी घालायच्या त्यांच्या पाळ्या आम्ही सहा जणांनी वाटून घेतल्या. माझ्या पाळीत नेमका पाण्याचा टँकर बंद पडला. आठ दिवस निभतील, असं मीच ठरवलं. एकतीस रोपं वाळली. परीक्षा संपायच्या आदल्या पहाटे आम्ही रोपवाटिकेतून साधारण त्याच उंचीची एकतीस आणली, वाळलेली उपटली आणि त्याच पट्ट्या नव्या रोपांना बांधल्या. मुलांचं मन मोडू नये म्हणून, असं आम्ही एकमेकांना सांगितलं.

कुणाला कळलं नाही, एक सोडून. कुलपं दुरुस्त करणाऱ्याची मुलगी, नऊ वर्षांची. दर शनिवारी बापाच्या टेपने आपलं झाड मोजून वहीत लिहिते. झाड चार बोटं बुटकं कसं झालं, म्हणून तिने मला विचारलं. उन्हाने झाडं आक्रसतात, असं माझ्या तोंडून निघून गेलं. तिने ते वहीत उतरवून घेतलं. काल शाळेत हवामानबदलावर बोलायला उभी राहिली आणि हेच सांगितलं. बाईंनी पाठ थोपटली. आता अख्खा वर्ग म्हणतो, ताईने सांगितलंय.

वाढत्या उन्हाबद्दल लोकांना खरं सांगायचं म्हणून मी हे काम धरलं होतं, मामा. येत्या रविवारी सगळी मुलं आणि पालक जमणार आहेत. सांगितलं तर मुलं जातील आणि उरलेली झाडंही वाळतील. नाही सांगितलं तर ती वही आहेच. बाकीचे पाच जण म्हणतात, गप्प बस. काय करू?

मामीला नमस्कार. हे वाचूनही लोभ शिल्लक राहिला तर कळव.
घाई

११ एप्रिल

चि. घाईस,
अनेक आशीर्वाद.

लोभ शिल्लक आहे. उन्हाने माझे सदरे आक्रसतात, असे मीही मामीला वीस वर्षे सांगत आलो आहे. तिने ते वहीत उतरवून घेतले नाही, एवढाच फरक.

तुझ्यासाठी सुभाषिते धुंडाळली. खरे बोलावे याला मिळाले, जपून बोलावे यालाही मिळाले; म्हणून सुभाषितांवर मी भरवसा ठेवत नाही. त्यापेक्षा घडलेले सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका श्लोकाचा मी वर्गात साफ चुकीचा अर्थ सांगितला. दुसऱ्याच दिवशी चूक कळली, पण दरारा जाईल म्हणून बोललो नाही. त्या वर्गातला एक जण आता मोठा डॉक्टर आहे. मागच्या महिन्यात रस्त्यात भेटला, वाकून नमस्कार केला आणि तोच अर्थ आपल्या मुलाकडून माझ्यासमोर म्हणवून घेतला. मुलाने बिनचूक म्हटला. मी शाबास म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

मामीचे म्हणणे असे, की सभेआधी त्या मुलीला एकटीला सांगावे. चारचौघांत पोर खोटी पडता कामा नये. यात मला भर घालण्याजोगे काही सापडले नाही, ही दुर्मीळ घटना नोंदवून ठेव.

येणेप्रमाणे लोभ पूर्ववत.
मामा

२० एप्रिल

ती. मामा,
सा. न. वि. वि.

शनिवारी ती टेप घेऊन आली तेव्हाच सांगितलं. वाटलं, रडेल. तिने जुनं झाड कुठे आहे ते विचारलं. खताच्या खड्ड्यातून उकरून काढलं. नुसती काडी उरली होती. तिने ती मोजली, वहीतल्या आकड्याशी ताडून पाहिली, मग पाण्याची पाळी कुणाची होती ते विचारलं. माझी, म्हटलं. तिने मामीची पट्टी सोडून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “हे दुसरं झाड आहे. याला माझं नाव आत्ताच नको.” पण जाताना त्याला पाणी घालून गेली. सोमवारी वर्गात स्वतःच उभी राहिली आणि चूक दुरुस्त केली. माझं नाव घेतलं नाही.

रविवारी सगळ्यांना सांगितलं. एका पालकांनी विचारलं, मग तुमचे उन्हाचे बाकीचे आकडे तरी खरे कशावरून? अकरा मुलं त्यानंतर आलेली नाहीत.

हलकं वाटलं, थोडं. पण त्या पालकांना उत्तर देताना लक्षात आलं, की बाकीचे आकडे खरेच आहेत. रोज मुलांना सांगते आणि रोज तेच घरी घेऊन येते. आई पुढच्या शिक्षणाचं विचारते, मैत्रिणी लग्नाचं. मी काहीच ठरवत नाही. दहा वर्षांनंतरचं ठरवून करायचं काय? असो.

मामीला सांग, नव्या पट्ट्या लागतील, पण सावकाश. लोभ आहे तसाच ठेव.
घाई

२४ एप्रिल

चि. घाईस,
अनेक आशीर्वाद.

मामीने पट्ट्यांसाठी माझ्या उशीचा अभ्रा निवडला आहे. त्या टेपवाल्या मुलीचा मला धाक वाटू लागला आहे. तिच्यासमोर माझे वय सांगायचीही हिंमत होणार नाही. गेलेल्या अकरा मुलांपैकी काही परत येतील, काही येणार नाहीत. शाळेत हे दरवर्षी होते आणि शाळा चालते.

तू खरे सांगून मोकळी झालीस, तेव्हा पाळी माझी. तुझ्या पत्रातली ‘असो’च्या आधीची ओळ मी चार वेळा वाचली. मामीला पत्र वाचून दाखवताना ती गाळली. तुझ्या आईचा फोन आला तेव्हा तू मजेत आहेस असे सांगितले.

हे झाड पंधरा वर्षांनी सावली देईल, असे तू मुलांना सांगतेस. त्या सावलीत बसणाऱ्यांत तू स्वतःला धरत नाहीस. तुझे आकडे चुकले असे मी म्हणणार नाही, तेवढे मला त्यातले कळत नाही. शनिवारच्या पहिल्या बसने येतो. तुला बोलायचे नसेल तर दोघे मिळून पाणी घालू.

इतकी पत्रे चेष्टेत लिहिली, कारण सरळ विचारायला धजत नव्हतो. तू पुढच्या दिवसांची आशा सोडलीस की काय, आणि सोडली असलीस तर ती माझ्यासारख्याला परत आणता येते की नाही, हे मला माहीत नाही, आणि त्याचीच मला भीती वाटते.

मामा