दोन मिनिटं अकरा सेकंद

गुरुवार, १४ मार्च
दुपारी, दुकानातून

प्रिय ताई,

आज दहाला दुकान उघडलं. दोन चष्म्यांच्या काचा घासून बसवल्या, एकाची दांडी बदलली. मालक बाहेरगावी आहेत. आता जेवणाची सुट्टी आहे म्हणून लिहायला बसलो. मी बरा आहे. तूही असशील.

मावशीकडून तुझा निरोप मिळाला. बाबांचा गाण्यांचा प्लेअर तुला हवा आहे, त्यातला फालतू भरणा काढायचा आणि आईच्या कॅसेटवरची गाणी घालायची. कॅसेट मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. प्लेअरमध्ये मात्र जागा नव्हती. शेजाऱ्यांनी भरून दिलेली नाचगाणी होती, कुणाच्या तरी लग्नाचे व्हिडिओ होते (बाबांना ते दिसणारही नव्हते), गुडघ्यांच्या व्यायामाचा एकच व्हिडिओ तीनदा होता. आणि बाबांचा स्वतःचा आवाज होता. दिसेनासं झाल्यावर औषध घेतलं की ते बटण दाबून बोलून ठेवायचे, "सकाळची गोळी घेतली." पुन्हा घेतली जाऊ नये म्हणून. अशा साठेक फायली.

मंगळवारी फालतू होतं ते काढलं. गोळ्यांच्या फायली ठेवल्या. त्यातली एक सोडून. नऊ नोव्हेंबरची, दोन मिनिटं अकरा सेकंदांची. ती ऐकली आणि सगळ्यात आधी काढली.

तरी प्लेअर म्हणे, जागा शिल्लक नाही. काल दिवसभर तेच. आज सकाळी काउंटरवरच्या बाईंना दाखवलं. त्यांनी कॉम्प्युटरवर काहीतरी उघडलं आणि हसल्या. म्हणाल्या, "दादा, तुम्ही घर झाडलंत आणि केर दाराआड ठेवलात." काढलेलं सगळं प्लेअरमधल्याच एका लपलेल्या कचरापेटीत तसंच पडून होतं. नाचगाणी, लग्न, गुडघे. आणि यादीत सगळ्यात वर नऊ नोव्हेंबर. पेटी रिकामी करता करता त्या थांबल्या.

"ही तर वडिलांच्या गोळ्यांतली दिसते. चुकून आली का?"

समोर एक गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मला फक्त 'जाऊ द्या' म्हणायचं होतं. बाईंचं बोट माऊसवर तसंच होतं. गिऱ्हाईकाने घड्याळ पाहिलं. मी म्हणालो, "तेवढी परत ठेवा."

त्यात काय आहे ते तू ऐकशीलच. पण आधी माझ्याकडून कळावं.

बाबा दुपारची गोळी घेतल्याचं बोलत असतात. बाहेरच्या खोलीत फोन वाजतो. मी उचलतो. माझा आवाज स्वच्छ येतो: "झोपलेत ते. आणि तुझ्याशी बोलायचं नाही म्हणालेत."

ताई, ते जागे होते. आणि तसं ते कधीच म्हणाले नव्हते.

मग बाबा विचारतात, कोण होतं रे. मी सांगतो, चुकून लागला होता. माझी पावलं बाहेर जातात. मग बाबा हळू आवाजात म्हणतात, "तिचाच होता. जेवलीस का, एवढं तरी विचारलं असतं."

त्यानंतर ते अकरा दिवस होते. मला एका शब्दाने बोलले नाहीत. रोज माझ्याकडून दाढी करून घेतली. मी समजत होतो, त्यांना ऐकू गेलं नाही.

चार वर्षं त्यांचं सगळं मी केलं, आणि फोन वाजला की त्यांची मान तुझ्यासाठी वळायची. एवढंच कारण. ते पुरेसं नाही हे मला कळतं. अंत्यविधीच्या दिवशी तू मावशीला म्हणालीस की बाबांनी तुला शेवटपर्यंत माफ केलं नाही. मी मावशीच्या मागेच उभा होतो. तेव्हाही गप्प राहिलो.

आईची गाणी आता बसली आहेत. नऊ नोव्हेंबर त्यांच्याही आधी लागेल, तुला शोधावी लागणार नाही.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल, असं लिहिणार होतो. पण चालणार नाही. चार शिव्या दे, पण लिही.

काउंटरवरच्या बाई जेवायला गेल्या आहेत. काचा पुसायच्या फडक्याने प्लेअर पुसला, वायर गुंडाळली, दोन्ही वस्तू चष्म्याच्या एका कडक डबीत बसवल्या. आता दुकानाला कुलूप लावतो आणि पोस्टात जाऊन येतो.

तुझा
धाकटा