लाकडाचं उत्तर

३ नोव्हेंबर
पोचलो एकदाचे! शारजाच्या अल नहदात एका खोलीचा फ्लॅट, आणि नोकरी थेट समुद्रकाठच्या अम्यूझमेंट पार्कात. सुझी म्हणाली, रॉक, वसईचा सुतार शेवटी जत्रेतले पाळणे सांभाळायला आला. बायकोच ती, चिडवणारच. पाळणा नव्हे, नव्वद वर्षांची लाकडी रोलर कोस्टर आहे; परदेशात सुटे भाग करून जहाजाने आणली आणि इथे वाळूवर पुन्हा जोडली. काम झकास. रोज सकाळी वर चढून प्रत्येक सांधा हातोडीने ठोकायचा आणि कान देऊन ऐकायचा. रस्त्याकडची बाजू माझी, समुद्राकडची स्टॅनली अंकलची. तेही वसईचेच, इथले सर्वांत जुने. तपासणीच्या कागदावर सही त्यांची, आणि सही करणाऱ्याने पहिल्या गाडीत बसायचं, असा इथला रिवाज.

७ नोव्हेंबर
अंकल ठोकतात तेव्हा लाकडाच्या आतून उलट एक ठोका येतो. आधी मी चेष्टा केली, मग स्वतःच्या कानांनी ऐकलं. जुनं लाकूड उन्हाने बोलतं, असं मी म्हणालो. अंकल म्हणाले, बोलतं बाबा, पण सगळ्यांशी नाही. माझ्या बाजूला ढिम्म शांतता.

१२ नोव्हेंबर
पोटात दुखतंय, खोटं कशाला लिहू? पंधरा वर्षं मी रंधा मारला. अंकल तर आधी हॉटेलात वेटर होते! आज त्यांचीच हातोडी मागून घेतली, त्यांच्याच जागी उभा राहून ठोकलं. काही नाही. ते हसले, तुळईवर नुसतं बोट वाजवलं, की लगेच उत्तर. सुझीने हौसेने कोळंबी केली होती, तिच्यावरच खेकसलो.

१६ नोव्हेंबर
अंकलचा गुडघा धरलाय. म्हणाले, यल्ला, चल रॉक, आज माझी बाजूही तूच बघ. वळणावरचा एक बोल्ट ढिला होता. मी खाली येऊन सगळं ठीक आहे असं सांगितलं. गाडी जरा खडखडेल, मॅनेजर उझमा मॅडमसमोर अंकलची फजिती होईल, एवढंच मनात होतं.

अंकलनी सही केली. पहिल्या गाडीत बसले. वळणावरून गाडी आली ती रिकामी.

१७ नोव्हेंबर
पोलीस, इंजिनियर, सगळे वर जाऊन आले. अंकल कुठेच सापडले नाहीत. तो बोल्ट घट्ट आहे. मी हात लावला नव्हता.

२० नोव्हेंबर
अंकलची जागा मला मिळाली. ठोकलं. उत्तर आलं! देवा, माफ कर, पण मी आनंदाने रडलो.

२४ नोव्हेंबर
आता मी ठोकण्याआधीच ते ठोकतं. घरी करमत नाही. सुझी विचारते, तिथे कोण आहे. काय सांगू—

२७ नोव्हेंबर
सुझी बघायला आली. सहज तुळईवर बोट वाजवलं. दोन ठोके आले.

मला कधीच दोन आले नाहीत.

२८ नोव्हेंबर
आज मला उत्तर नाही. दिवसभर ठोकलं. बोटं सोलली—

२९ नोव्हेंबर
स्टाफच्या घरच्यांना फुकट फेरी. सही माझी, पण पहिल्या गाडीत माझ्या जागी सुझी. मी नको म्हणालो नाही. मी वर, वळणावर, ही वही हातात—

गाडी चढतेय. ठोकेच ठोके, सगळे तिच्यासाठी. पायाशी बोल्ट आपोआप फिरतोय—

ओरडलो तर खाली उझमा मॅडमना ऐकू जाईल. गाडी थांबेल. सुझी हात हलवतेय—

ओरडतो. ओरडतोच. आधी मला एक ठोका दे. एकच. मग मी—