ब्रेल-पट्टीचे मौन

३ मार्च
दादाची ब्रेल-पट्टी, पडद्यावरचा मजकूर उठावाच्या टिपक्यांत बोटांखाली आणणारी, पुन्हा गप्प. संगणक झोपेतून उठतो, पट्टी उठत नाही; टिपके सपाट. दादा त्यांवर बोटे फिरवून म्हणाला, "तुझ्या तर्कशास्त्राच्या तासाला पोरं अशीच बसायची ना?" मोठा भाऊ आंधळा असला म्हणून त्याचा नेम चुकतो असे नाही. निवृत्तीनंतर मी प्रोग्रॅमिंगच्या नादी लागले, त्याची ही फळे.

४ मार्च
संगणकाच्या प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, सांभाळणाऱ्या प्रमुखांना काल लिहिले होते; त्यांचे उत्तर आले. पट्टीला संगणकाशी जोडणारा प्रोग्रॅम, तिचा ड्रायव्हर, पुढच्या आवृत्तीतून काढणार, कारण "कोणाची तक्रार नाही, अर्थात कोणी वापरत नाही." वा. ज्यांची पट्टीच मुकी, त्यांनी तक्रार लिहायची कशी? दिसत नाही म्हणजे नाही, असे ठरत नसते. हे मी पहिल्या वर्षाला शिकवत असे. तसे कळवले, किंचित सौम्य शब्दांत. उलट टपाली: "दुरुस्ती पाठवा, मग बोलू."

दादाच्या कानांनी आधीच जवळजवळ राजीनामा दिला आहे; मी कानाशी ओरडले तरच पोचते. बोलणारा संगणक त्याच्या कामाचा नाही. पट्टी गेली की वाचन गेले.

७ मार्च
दोष सापडला. ड्रायव्हर पट्टीला विचारतो — जागी आहेस? ठरल्या वेळात उत्तर आले नाही, तरी खुशाल पुढे जातो. मौन म्हणजे होकार! स्थळे जुळवणाऱ्यांना हे शोभेल, कर्नेलला नाही. ड्रायव्हर लिहिणारा आणि तो काढायला निघालेला, दोघे एकाच प्रश्नात नापास.

८ मार्च
उत्तर येईपर्यंत थांबायला लावले. उत्तर आलेच नाही. ड्रायव्हर थांबला, त्याच्यापायी कर्नेल थांबले, अख्खा संगणक दगड. "आधी एकटी पट्टी झोपायची," दादा म्हणाला, "आता घरात एकी झाली."

९ मार्च
दिवसभर चिंतन. म्हणजे काहीच नाही.

११ मार्च
मौनाला मौनच मानले. उत्तर नाही, तर पट्टीची वीज तोडून पुन्हा द्यायची, पुन्हा विचारायचे. तरीही गप्प, तर चूक नोंदवून निमूट मागे फिरायचे. संगणक झोपवला, उठवला. टिपके उभे राहिले. दादा वाचत सुटला. जेवायला कानाशी हाक मारली तर म्हणतो, "थांब गं, परिच्छेद संपू दे."

दुरुस्ती पाठवली.

१४ मार्च
प्रमुख लिहितात: "दुरुस्ती निर्दोष. पण या ड्रायव्हरला वाली नाही. उद्या पुन्हा बिघडला तर पाहणार कोण? नाव द्या, नाहीतर काढतो."

युक्तिवाद बिनतोड होता. म्हणूनच राग आला.

१५ मार्च
ड्रायव्हर राहिला. वाली म्हणून माझे नाव. दादाने ती ओळ बोटांनी दोनदा वाचली. म्हणाला, "म्हणजे आता तुला माझ्याआधी मरता येणार नाही."