मावशी नावाचं प्रथिन

३ मार्च
मावशी पुन्हा वाढली! लॅबमध्ये आज दिवसभर हाच विषय.

म्हणजे लॅबमधली मावशी. पेशीच्या आत ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका असतात, त्यांच्यातलं एक प्रथिन. पेशीवर ताण आला की ते वाढतं, आणि चुरगळलेल्या बाकीच्या प्रथिनांना पुन्हा नीट घडी घालून कामाला लावतं. खरं नाव नुसती अक्षरं आणि आकडे. कोण लक्षात ठेवणार? सहा वर्षांपूर्वी मी त्याला मावशी म्हणायला लागले. आता आमच्या लॅबप्रमुख मॅडमसुद्धा मीटिंगमध्ये गंभीर चेहऱ्याने तेच म्हणतात.

गोची एकच. कॅन्सरच्या पेशीलाही ही तितक्याच मायेने सांभाळते. आपण वरून औषध ओतायचं आणि हिने आत बसून सगळं निस्तरायचं.

५ मार्च
आज माझ्या खऱ्या मावशीला घेऊन डॉक्टरांकडे. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची. तेव्हापासून हिनेच मला वाढवलं. अंडाशयाचा कॅन्सर, दुसऱ्यांदा उलटलेला. डॉक्टर म्हणाले, आधीचं औषध आता लागू पडत नाही. एक नवीन औषध चाचणीत आहे, तिथे नाव घालता येईल. गुण येईलच असं नाही, हेही सांगितलं. स्पष्ट बोलतात, मला आवडतं ते. आणि औषध तेच, जे आम्ही लॅबमध्ये पेशींवर करून बघतोय — लॅबमधल्या मावशीला गप्प बसवणारं!

माझ्या मावशीने सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "नको. पुरे झालं आता."

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी तिच्याशी भांडले. सगळ्यांसमोर. ती शाल सारखी करत होती. माझं बोलून झाल्यावर तिने विचारलं, सकाळपासून काही खाल्लंयस का.

६ मार्च
नाही म्हणजे नाहीच.

१० मार्च
हे आजच लिहायला हवं, उद्या माझं मलाच पटणार नाही.

दुपारी स्टोअरमध्ये काचेचं सामान लावत होते. घाईबाईचा मेसेज आला. ती माझ्या शेजारच्या टेबलावर काम करते. आख्खं वाक्य लिहायला तिला कधी वेळ नसतो. मेसेजमध्ये दोनच शब्द — "मावशी गेली."

वाटलं, घरून लॅबच्या फोनवर निरोप आला. लॅबचा कोट तसाच अंगावर, हातमोजे तसेच. टॅक्सीत बसले. टॅक्सीवाल्याने आरशातून एकदा पाहिलं आणि रेडिओ बंद केला. वीस मिनिटं एक शब्द नाही. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

दार उघडलं मावशीनेच. एका हातात टोस्ट, दुसऱ्यात लोण्याची सुरी. मी उंबऱ्यातच फतकल मारली आणि लहान मुलासारखी भोकाड पसरून रडले. किती वेळ, माहीत नाही. ती तशीच सुरी घेऊन बघत उभी.

मग घाईबाईला फोन केला, तेव्हा उलगडा झाला. नवीन औषध दिलेल्या पेशींच्या चाचणीत त्या प्रथिनाची खूण असलेली पट्टी दिसेनाशी झाली होती, म्हणजे लॅबमधली मावशी गेली होती. कधी एकदा मला कळवते, असं घाईबाईला झालेलं!

मावशी हसली, पोट धरधरून. मग म्हणाली, ही दुसरी मावशी करते तरी काय, सांग. मी सांगितलं. कॅन्सरच्या पेशीला जगवते, हेही सांगितलं.

"मग तिचं काय चुकलं? घरातलं कार्टं वाया गेलं म्हणून त्याला जेवायला घालायचं थांबतं का कुणी?"

एकोणिसाव्या वर्षी मी नाही नाही ते बोलून हिच्या घरातून निघून गेले होते. तीन वर्षं फोन नाही, पत्र नाही. परत आले तेव्हा हिने ना जाब विचारला, ना टोमणा मारला. ताट वाढलं आणि माझी खोली झाडून दिली. त्याबद्दल मी अजून नीट आभारसुद्धा मानलेले नाहीत. आज मानले. तिने टोस्ट पुढे केला, थंड होतोय म्हणाली.

११ मार्च
घाईबाईने माफी मागितली — चक्क तीन पूर्ण वाक्यांत! मी तिला मिठी मारली. तिच्यामुळे एका दुपारी गेलेली मावशी मला परत मिळाली. अशी संधी कुणाला मिळते?

ठरवलंय, औषधाचं पुन्हा काढायचं नाही. तिचं शरीर, तिची मर्जी. असतील तेवढे दिवस तिच्याजवळ बसायचं, भांडायचं नाही. हे ठरवल्यावर बरं वाटलं.

१२ मार्च
दवाखान्यातून आताच आलो. मावशीने चाचणीच्या फॉर्मवर सही केली. मी अवाक्षरही काढलं नव्हतं. एकदम कसं काय, म्हणून विचारलं. पेनाला टोपण लावत म्हणाली, "मी गेल्यावर तू कशी दिसशील ते परवा दारात बघितलं. मला नाही आवडलं."