संपदाच्या नावाचा संकल्प

हिंगोली, ३० जुलै २०२५
ती. दादास,
सा. न. वि. वि. नमस्कार रीतीचा आहे. मनातून उमटत नाही. फोनवर आवाज चढेल म्हणून लिहिते आहे.

श्रावणी सोमवारच्या अभिषेकाला तू संपदाच्या हातावर पाणी घातलंस आणि सगळ्या नातेवाइकांसमोर संकल्पात तिच्यासाठी मुलगा मागितलास. माझ्या लेकीला एक मुलगी आहे. दुसरं मूल नको, हे तिने आणि जावयांनी ठरवलंय, तुला ठाऊक होतं. ती उठून गेली, तेव्हा काकू म्हणाल्या, शिकलेल्या पोरींना लेकराची तकलीफ वाटते. मी गप्प बसले. स्वतःचाच राग तुझ्यावर काढते आहे का, हे तपासून पाहिलं. नाही. हा तुझ्यावरचाच आहे.

संपदा आता औंढ्यात पाऊल टाकणार नाही म्हणते, अगदी आजीला भेटायलासुद्धा.

लोभ अजून आहे. किती उरेल, ते तू बघ.
रेवती

औंढा नागनाथ, ३ ऑगस्ट
चि. रेवतीस अनेक आशीर्वाद.
मोठ्या भावाला असं लिहितात काय? परवा शेजारच्या राधाकृष्णकाकांना स्मशानात नेताना खांद्याला सगळे आम्ही साठीचे. विसावा एकदाच घेतात. आम्ही तीनदा टेकलो. गल्लीत शेवटचं बारसं कधी झालं, कुणाला आठवत नाही. पुण्याहून शौनक सांगतो, बाबा, आम्हाला मूल नकोच. त्याला काय बोलणार? उद्या देवाची पूजा कोण करील? मी भाचीचं वाईट चिंतलं काय?

आशीर्वाद नकोसे नसतील तर घे.
अनिरुद्ध

हिंगोली, ६ ऑगस्ट
ती. दादास,
सा. न. वि. वि. तर लेकाला बोलायची हिंमत नाही, म्हणून भाचीला चारचौघांत धरलंस! गल्ली म्हातारी होते आहे, याचं भय मलाही आहे. पण ती भरून काढायला माझ्या लेकीचं पोट नाही. हे आईला वाचून दाखव.
रेवती

औंढा नागनाथ, १४ ऑगस्ट
चि. रेवतीस आशीर्वाद.
वाचून दाखवलं. आईने विचारलं, पोरीला इचारलं व्हतंस का? नाही म्हणालो. ती म्हणाली, माझी सात बाळंतपणं झाली, दोन लेकरं गेली, मलाही कुणी इचारलं न्हाई. तेव्हापासून आई माझ्या हातचं तीर्थ घेत नाही.

काल संपदाच्या दारात जाऊन चूक कबूल केली. तिने चहा दिला आणि म्हणाली, मामा, जिथं बोललात तिथंच, त्याच माणसांपुढं सांगा.

सोमवारी सगळ्यांना बोलावलंय. संकल्प परत घ्यायचा मंत्र मला येत नाही. साध्या मराठीतच सांगेन.

राग धरूनच ये, पण ये.
दादा