पाठीतले स्क्रू आणि तनुजाचा मामा

पडेगाव, रविवार

तीर्थरूप गोकुळदादास, धाकट्या सुरेखाचा शिरसाष्टांग नमस्कार. (उभ्यानंच केलेला घे. मला वाकायला डॉक्टरांची मनाई आहे.) इकडं सगळे खुशाल. तुझी कंबर कशी आहे ते विचारत नाय, कारण पाठीचं नाव काढलं की तू फोन कापतोस. पत्र फार तर फाडशील, पण त्याआधी वाचशील.

तर ऑपरेशन होऊन, पाठीत स्क्रू अन् सळया घेऊन मी घरी आले, तर सासूबाई गरम तिळाच्या तेलाची वाटी घेऊन दारातच उभ्या. म्हणे स्क्रू गंजायला नकोत! हा धातू गंजत नसतो, असं डॉक्टरांनी स्वतः फोनवर सांगितलं. तर म्हणाल्या, त्यांच्या घरी कुठं आपल्यासारखं बोअरचं पाणी हाय?

तनुजाच्या साखरपुड्यात तर कहर झाला. (तू आला नाहीस. गाडीत बसवत नाय म्हणालास.) नवऱ्या मुलाची आजी, मनकर्णाबाई, समोर आल्या अन् पाया पडायचं सोडून मी आपली खांबासारखी उभी. गुडघ्यांतून खाली बसायचं डॉक्टरांनी शिकवलंय, पण शालू नेसून ते जमतं का? पोरीची आई लई ताठ हाय, असं त्या चारचौघांत बोलल्या. आमचे हे मोबाईलवरचा एक्स-रे घेऊन धावले. (त्यांच्या मोबाईलात पोरीचे फोटो कमी, माझे मणकेच जास्त.) आजीबाईंनी तो लांब धरून नीट पाहिला, दोन सुनांच्या खांद्यांवर हात ठेवले अन् सरळ स्टेजवरच्या सोफ्यावर चढून उभ्या राहिल्या! म्हणाल्या, आता पड पाया. खालूनच, न वाकता पाया पडले. सगळा हॉल हसत होता, दादा, अन् मला रडू आवरेना.

आता खरं सांगते. डॉक्टर म्हणाले, स्क्रू-सळया म्हणजे स्लॅबखालचं सेंट्रिंग. हाडं एकमेकांत जुळेपर्यंत आधार द्यायचा, पुढं भार हाडंच घेतात. ही प्रत्येक कंबरेची दवा नाय, हेही त्यांनी आधीच बजावलं. माझा मणका सरकून नस दबली होती, म्हणून केलं. पायातली कळ गेली. पाठ सकाळी अजून कुरकुरते. पण परवा शहागंजात बांगड्या, मग भाजी, मग पुन्हा बांगड्या असं मनसोक्त फिरले, कुठं टेकले नाय. गेल्या साली न्हाणीपर्यंत भिंत धरून जात होते मी! तू गावातल्या सांडूचं नाव घेतोस, त्याचं ऑपरेशन वाया गेलं म्हणून. अरे, त्यानं टाके सुकायच्या आत पाठीला फवारणीचा पंप लावला! अन् तू काय स्क्रूला भीत नाहीस. हाड जुळायचं तर तंबाखू बंद, हे कुणीतरी तुझ्या कानावर घातलंय. व्हय का नाय?

तुझी,
सुरेखा

ता. क. तुझ्यासाठी गुरुवारची डॉक्टरांची वेळ घेतली आहे. नुसतं दाखवायचं. देव करो अन् व्यायामावरच भागो. वहिनी सामील आहे, तेव्हा पळायला जागा नाय.

आणखी ता. क. लग्नाची तारीख काय ठरली, असं तू ज्याला त्याला विचारतोस. ठरलीच नाय. मुहूर्त काढायला बसलो तेव्हा तनुजा म्हणाली, मामा मला हाताला धरून बोहल्यापर्यंत चालंल, तो दिवस काढा. मनकर्णाबाई म्हणाल्या, मग मामालाच विचारा. म्हणून विचारतेय.